ससा नेमका कुणाचा? मालकी-ताबा शिकवणाऱ्या ऑनलाइन कोर्सचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते म्हणजे घाईतले लोक मोकळे. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कुठे कापला ते खाली येईलच, पण या कोर्समधली पहिली सात लेक्चर्स मी वर्षभर आधी ऐकली असती तर माझे पैसे, तीन आठवड्यांची झोप आणि एका अनोळखी मुलाशी झालेलं भांडण एवढं सगळं वाचलं असतं.

कोर्सचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि मला आता कुणाशीच नवीन भांडण नकोय. रेकॉर्डेड कोर्स आहे, चौदा लेक्चर्स, सगळे मिळून नऊएक तास, सोबत पीडीएफ नोट्स आणि प्रत्येक लेक्चरनंतर छोटी क्विझ. विषय जंगम मालमत्ता, म्हणजे जमीन, घर, फ्लॅट हे सगळं बाहेर ठेवून जे काही उचलून नेता येतं ते, घड्याळ, सायकल, दागिने, पुस्तकं, पाळलेलं कुत्रं. आणि माझ्या बाबतीत कॅमेरा.

हौसेनं घेतला नव्हता हो मी हा कोर्स. झालं असं की मी एक सेकंडहॅन्ड कॅमेरा घेतला, ऑनलाइन जाहिरात बघून पण डोळे झाकून नाही, विकणाऱ्याला प्रत्यक्ष भेटले, हातात घेऊन दहा फोटो काढून बघितले, मग पैसे ट्रान्सफर केले आणि वर त्याच्याकडून साध्या कागदावर सही-पत्त्यासकट पावती लिहून घेतली. शटर अडकायचं ते नंतर स्वतःच्या खर्चानं नवं बसवलं. नवा पट्टा लावला, नवं मेमरी कार्ड टाकलं. चार महिने मजेत गेले आणि मग एकदा मी एका फोटोग्राफीच्या ग्रुपवर कॅमेऱ्याचाच फोटो टाकला, आणि रात्री एका मुलाचा मेसेज आला. "ताई, कोपऱ्यावरचा तो टवका मी ओळखतो. बॅटरीचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघा, निळ्या पेननं दोन अक्षरं लिहिलेली असतील."

उघडलं. होती.

तो शिकायला परदेशी गेला होता आणि जाताना कॅमेरा मित्राकडे सांभाळायला ठेवून गेला होता. मित्रानं तो मला विकला. मुलाकडे सीरियल नंबरसकट मूळ बिल आहे, माझ्याकडे पावती आहे आणि कॅमेरा माझ्या कपाटात आहे. मी चोरी केलेली नाही, पैसे मोजलेत, मला काही माहीत नव्हतं, मग माझाच ना तो? घरात सगळ्यांचं एकमत, ज्याच्या हाती ससा तो पारधी, तू गप्प बस, मेसेजला उत्तरच देऊ नको. मला मात्र झोप लागेना म्हणून रात्री दीड वाजता हे असले कोर्स शोधत बसले आणि हा सापडला.

आणि पहिलं लेक्चर सुरू होतं तेच शिकारीवरून. ससा नाही, कोल्हा. १८०५ सालची न्यूयॉर्कची केस, पिअरसन विरुद्ध पोस्ट. पोस्ट शिकारी कुत्रे घेऊन एका कोल्ह्याच्या मागे धावतोय, जागा ओसाड, कोल्हा अगदी टप्प्यात आलाय, तेवढ्यात पिअरसन मध्येच घुसतो, पोस्टच्या डोळ्यांदेखत कोल्हा मारतो आणि उचलून घेऊन जातो. कोर्टाचं बहुमत पिअरसनच्या बाजूनं गेलं. नुसतं मागे धावलं म्हणजे ताबा होत नाही, जनावर धरलं पाहिजे किंवा निदान असं जखमी करून अडकवलं पाहिजे की त्याला निसटताच येणार नाही. निकाल लिहिणारे टॉम्पकिन्स पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, पण मला त्यांच्यापेक्षा उलट मत देणारे लिव्हिंग्स्टन जास्त आवडले, त्यांचं म्हणणं की हा वाद शिकाऱ्यांनाच सोडवू द्यायला हवा होता, आणि शेवटच्या क्षणी कुणीही येऊन शिकार पळवणार असेल तर पहाटे उठून कुत्रे घेऊन मरायला जाईल कोण.

मी तर खूश झाले ना हे ऐकून. बघा, कोर्टानंच म्हटलंय, ससा हाती तो पारधी. सरांनी तिथेच एक पॉज घेतला आणि म्हणाले, "पण हा कोल्हा त्याआधी कुणाचाच नव्हता, हे विसरू नका." माझा चेहरा तेव्हा कुणी रेकॉर्ड केला असता तर तेही एक लेक्चर झालं असतं.

सरांची शिकवण्याची पद्धत हा या कोर्सचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट आहे. आवाज थोडा झोपाळू आहे, मी दीडपट स्पीडवर ऐकले, पण ते व्याख्या फेकत नाहीत, गोष्ट सांगतात, आणि मग त्या गोष्टीतली एकेक काडी बदलत जातात. दुसरं लेक्चर तर मी दोनदा ऐकलं. आर्मरी विरुद्ध डेलामिरी, १७२२, लंडन. धुराडी साफ करणाऱ्याच्या हाताखालचा एक पोरगा, त्याला कुठेतरी एक जडवलेला दागिना सापडतो. तो घेऊन जातो सोनाराकडे, की बाबा हे काय आहे सांगा. सोनार म्हणजे पॉल द लामेरी, त्या काळातला नामी कारागीर. दुकानातला शिकाऊ माणूस वजन करतो म्हणून दागिना आत नेतो, खडे काढून घेतो आणि बाहेर येऊन म्हणतो याचे दीड पेनी होतात. पोरगा म्हणतो नको मला पैसे, माझी वस्तू परत दे. तर त्याच्या हातावर रिकामं कोंदण ठेवतात.

आता विचार करा, हा पोरगा मालक आहे का? नाही. त्यालाही ते सापडलेलंच. सोनाराचा युक्तिवाद काय असू शकतो, की अरे तुझंही नाही ते, मग तू कोण विचारणारा? आणि सरन्यायाधीश प्रॅट म्हणाले की सापडलेली वस्तू त्या पोराच्या पूर्ण मालकीची होत नाही हे खरं, पण खरा मालक सोडून बाकी सगळ्या जगाविरुद्ध ती जवळ ठेवायचा हक्क त्याला आहे, आणि सोनार काही खरा मालक नाही. शिकाऊ माणसाच्या करणीची जबाबदारी मालकावर. आणि किंमत कशी ठरवायची, खडे तर समोर नाहीत? तर ज्यूरीला सांगितलं की सोनार खडा आणून दाखवत नसेल तर त्या कोंदणात बसू शकेल असा सगळ्यात उत्तम पाण्याचा खडा होता असं धरून नुकसानभरपाई लावा. हे ऐकून मी चहा ठेवायला उठले होते ती तशीच ओट्याशी उभी राहिले. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका काजळीनं माखलेल्या पोरासाठी मला एवढा आनंद व्हायचं कारण नव्हतं, पण झाला.

माझ्या मते सगळ्या कोर्सचं सार याच एका लेक्चरमध्ये आहे. आपण घरात भांडताना विचारतो, वस्तू कुणाची? कोर्ट तसं विचारतच नाही. कोर्ट विचारतं की आत्ता समोर उभ्या असलेल्या या दोघांत कुणाचा हक्क जास्त जड. मालकी म्हणजे काही वस्तूवर मारलेला शिक्का नाही, ती दरवेळी समोर कोण उभा आहे त्यावर ठरते. माझ्यासमोर तो विकणारा उभा असता तर माझं पारडं जड होतं, शेजारीपाजारी कुणी येऊन कॅमेरा उचलला असता तरी जड होतं. पण समोर तो मुलगा होता.

आणि याच लेक्चरच्या क्विझमध्ये घोळ आहे! प्रश्न सहावा, चोराकडून दुसऱ्यानं वस्तू लुबाडली तर त्या चोराला ती परत मागता येते का? मी लिहिलं येते, क्विझनं लाल फुली मारली. अहो पण सरांनीच तर दहा मिनिटं आधी अँडरसन विरुद्ध गोल्डबर्ग शिकवलीय, मिनेसोटा, १८९२, दुसऱ्याच्या जमिनीत घुसून आणलेले ओंडके, ते तिसऱ्यानंच उचलून नेले, आणि कोर्टानं सांगितलं की आधीचा ताबा कसाही आलेला असो, ज्याचा काहीच हक्क नाही त्याच्याविरुद्ध तो चालतो, नाहीतर एकापाठोपाठ एक लुबाडत बसतील. इंग्लंडमध्ये तर २००१ ला पोलिसांनाच चोरीची गाडी परत द्यायला लावली आहे, ज्याच्याकडून जप्त केली त्याला, गाडी चोरीची हे त्याला माहीत असूनही, कारण पोलिसांचा ठेवून घ्यायचा अधिकार संपला होता आणि खरा मालक सापडत नव्हता. मी सपोर्टला दोनदा मेल केला. दोन्ही वेळा तेच उत्तर, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. लाल फुली अजून तिथेच आहे. अर्धा स्टार इथे गेला.

तीन ते पाच ही लेक्चर्स सापडलेल्या वस्तूंवर. मजेशीर आहेत पण लांबलीत. मुद्दा एवढाच की वस्तू कुठे सापडली आणि जागेवर कुणाचा किती ताबा होता. दुकानाच्या जमिनीवर नोटांचं पुडकं पडलेलं सापडलं, ज्याला सापडलं त्याला मिळालं, दुकानदाराला नाही, ही १८५१ ची केस. तळ्यातला गाळ काढताना कामगाराला दोन सोन्याच्या अंगठ्या सापडल्या, त्या मात्र जागेच्या मालकाला, १८९६. जमिनीच्या आत रुतलेलं जागेवाल्याचं, वर मोकळं पडलेलं असेल तर जागेवाल्यानं ती जागा आणि तिथल्या वस्तू आपल्या ताब्यात ठेवायचा इरादा आधीपासून दाखवलेला पाहिजे. १९८२ ची पार्करची केस याच्यावरच आहे. हीथ्रो विमानतळाच्या लाउंजमध्ये एका प्रवाशाला सोन्याचं ब्रेसलेट सापडलं, त्यानं इमानदारीत कर्मचाऱ्याकडे दिलं, स्वतःचं नाव-पत्ता दिला, म्हणाला कुणी मागायला आलं नाही तर मला परत द्या. विमान कंपनीनं ते ८५० पौंडांना विकून पैसे ठेवून घेतले. अपिलात प्रवासी जिंकला. आणि इथे मला सरांचं एक निरीक्षण फार आवडलं, की वस्तू जमा केल्यानं त्याचा हक्क गेला नाही, उलट नाव-पत्ता दिल्यामुळेच तो टिकला. सापडलं ते खिशात घालून चालू पडणाऱ्यावर चोरीचा नाहीतर अपहाराचा ठपका येऊ शकतो, हेही त्यांनी ठणकावून सांगितलंय.

हरवलेलं, विसरलेलं आणि टाकून दिलेलं यातला फरक अमेरिकेत महत्त्वाचा. न्हाव्याच्या दुकानात टेबलावर ठेवून विसरलेलं पाकीट दुकानदाराकडे राहतं, कारण मालकाला आठवलं तर तो तिथेच परत येणार, १८६६ ची मॅसॅच्युसेट्सची केस. ऐकायला बरोबर वाटतं. पण टेबलावरून घरंगळून खाली पडलं असेल तर? सरांनी प्रश्न विचारला आणि पुढे गेले, उत्तर दिलंच नाही, बहुधा मुद्दाम.

बेसबॉलची गोष्ट याच भागात आहे, क्रिकेटवाल्यांनासुद्धा कळेल. ७ ऑक्टोबर २००१, बॅरी बाँड्स या खेळाडूनं सीझनचा ७३ वा होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखा फटका, मारला, बॉल प्रेक्षकांत, पोपोव्ह नावाच्या प्रेक्षकाच्या ग्लव्हमध्ये शिरला आणि त्याच क्षणी गर्दी त्याच्या अंगावर कोसळली. बॉल निसटला, हयाशी नावाच्या दुसऱ्या प्रेक्षकानं उचलला. पोपोव्हनं पूर्ण पकडला होता का? कुणालाच सिद्ध करता आलं नाही. हयाशीनं काही गैर केलं का? नाही. न्यायाधीश म्हणाले विका आणि अर्धे अर्धे घ्या. साडेचार लाख डॉलरना गेला. कोल्ह्याच्या केसनंतर दोनशे वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न, पकडलं म्हणजे नेमकं कधी पकडलं.

सहावं लेक्चर निक्षेप. नाव ऐकून घाबरू नका, आपली वस्तू दुसऱ्याकडे ठेवायला, दुरुस्तीला, वापरायला किंवा पोचवायला देणं म्हणजे निक्षेप. ताबा जातो, मालकी राहते. ड्रायक्लीनिंगला दिलेला कोट, मैत्रिणीला दिलेली छत्री, सगळं यात. १७०३ च्या एका केसमध्ये एक माणूस फुकटात ब्रँडीची पिंपं एका तळघरातून दुसऱ्यात हलवून देतो म्हणाला आणि हलगर्जीपणा करून पिंपं फोडली, ब्रँडी सांडली. म्हणे मी पैसे कुठे घेतले होते? सरन्यायाधीश होल्ट यांनी सांगितलं, काम हातात घेतलंस ना, मग काळजी घ्यायलाच हवी होती. मित्राकडे कॅमेरा ठेवणारा मुलगा नेमका या चौकटीत बसत होता आणि मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, "ताबा गेला, मालकी नाही."

मग सातवं. ज्याच्यासाठी मी सगळा कोर्स घेतला ते लेक्चर फक्त अठरा मिनिटांचं! सापडलेल्या अंगठ्यांना अडीच तास आणि याला अठरा मिनिटं. आणखी अर्धा स्टार इथे कापला. नियम मात्र त्यांनी एका म्हणीत बसवला, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. विकणाऱ्याकडे मालकी नसेल तर तो ती तुम्हाला देऊच शकत नाही, तुम्ही कितीही सज्जन असा, कितीही पैसे मोजा, कितीही पावत्या घ्या. इंग्लंडमध्ये याला एक जुना अपवाद होता, ठरलेल्या खुल्या बाजारात दिवसाढवळ्या घेतलेली वस्तू घेणाऱ्याची व्हायची, चोरीची असली तरी. तो १९९४ च्या कायद्यानं काढून टाकला. पैशाला मात्र हा नियम लागत नाही, १७५८ च्या केसमध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डनी सांगितलं की टपालाच्या दरोड्यात गेलेली बँकनोट एका खाणावळवाल्यानं व्यवहारात प्रामाणिकपणे घेतली तर ती त्याचीच, नाहीतर नोटांचा व्यवहारच बंद पडेल.

आम्ही राहतो तिथला कायदा इंग्लिश वळणाचा. म्हणजे माझा निकाल लागला. मी लॅपटॉप बंद केला आणि दोन दिवस उघडलाच नाही.

पुढचा भाग मला नंतर सापडला आणि तो तेराव्या लेक्चरमध्ये, बोनस म्हणून, जवळजवळ शेवटी लपवून ठेवलाय. खरं तर तो सातव्यालाच जोडायला हवा होता, कारण तिथे कळतं की हाच कॅमेरा, हीच मी, हाच मुलगा, पण देश बदलला की निकाल उलटा. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत कलम २२७६ आहे, जंगम वस्तूंच्या बाबतीत ताबा म्हणजेच मालकीचा पुरावा. प्रामाणिकपणे घेणाऱ्याकडून मूळ मालकाला वस्तू परत मागता येते ती फक्त चोरीला गेली असेल किंवा हरवली असेल तर, तीन वर्षांच्या आत, आणि ती बाजारात किंवा तशा वस्तू विकणाऱ्याकडून घेतलेली असेल तर घेणाऱ्याला त्याचे पैसे देऊन. पण स्वतःच्या हातानं मित्राकडे दिली असेल आणि मित्रानं विश्वासघात केला असेल तर ती चोरी धरत नाहीत. जर्मनीतही तसंच, कलम ९३२ आणि ९३५, वस्तू मालकाच्या इच्छेविरुद्ध हातातून गेली का हा खरा प्रश्न, स्वखुशीनं ताबा दिला असेल तर प्रामाणिक गिऱ्हाईक मालक होतं. तू माणूस चुकीचा निवडलास, त्याची किंमत तू भर, तिसऱ्यानं का भरावी, असा त्यामागचा विचार. अमेरिकेत मधलाच मार्ग. वस्तू त्याच प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्या दुकानदाराकडे ठेवली, समजा कॅमेरा दुरुस्तीला दिला आणि ते दुकान जुने कॅमेरे विकतंही, आणि त्यानं तो धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात एखाद्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला विकला, तर गिऱ्हाईक सुटतं. मित्र धंदेवाला नाही, म्हणून तिथेही मी हरलेच असते.

म्हणजे मी पॅरिसमध्ये असते तर कॅमेरा माझा. हे कळल्यावर माझा राग निम्मा उतरला, का ते नीट सांगता येत नाही. आधी वाटत होतं एक तर तो लुच्चा नाहीतर मी मूर्ख. आता दिसलं की दोघंही सरळ आहोत, मधला तिसरा गायब आहे, आणि नुकसान या दोन सरळ माणसांपैकी कुणाच्या माथी मारायचं एवढाच प्रश्न आहे, ज्याला अख्ख्या देशांनी वेगवेगळी उत्तरं दिलीत.

बाकीची लेक्चर्स पटकन उरकते. बक्षिसांचं, म्हणजे भेट दिलेल्या वस्तूंचं, चांगलं आहे, देण्याचा इरादा, प्रत्यक्ष हवाली करणं आणि घेणाऱ्यानं स्वीकारणं या तीन गोष्टी लागतात. बापानं मुलाला तोंडी दोन शिंगरं दिली पण ती बापाकडेच राहिली, १८१९, बक्षीस झालंच नाही. उलट क्लिम्ट या चित्रकाराचं एक पेंटिंग वडिलांनी मुलाला पत्रानं दिलं आणि जिवंत असेपर्यंत स्वतःच्या भिंतीवर ठेवलं, ते १९८६ ला न्यूयॉर्कच्या कोर्टानं मान्य केलं, कारण पेंटिंग आत्ताच दिलं, फक्त जवळ ठेवायचा हक्क नंतर. मुदतीचं, म्हणजे दावा किती वर्षांच्या आत लावायचा त्याचं, लेक्चर चित्रकार जॉर्जिया ओकीफच्या चोरीला गेलेल्या चित्रांवर आहे, १९४६ ला गेली, दावा तीस वर्षांनी, आणि न्यू जर्सीच्या कोर्टानं सांगितलं की मालकानं नेटानं शोध घेतला असेल तर घड्याळ तेव्हा सुरू होतं जेव्हा चित्र कुणाकडे आहे ते कळतं किंवा कळायला हवं होतं.

डिजिटलचं लेक्चर फसलंय, उरलेला अर्धा स्टार तिथे. इंग्लंडच्या हायकोर्टानं २०१९ ला बिटकॉइन ही मालमत्ता धरली एवढं सांगून उरलेला वेळ स्लाइड वाचून दाखवलीय. विकत घेतलेलं ईबुक आपल्या मालकीचं असतं की नुसता परवाना, हे खरं विचारायला हवं होतं. आणि गंमत बघा, या कोर्सच्या पानावर ठळक लिहिलंय "आजीवन ॲक्सेस", अटींमध्ये बारीक अक्षरांत लिहिलंय की कंपनी तो कधीही काढून घेऊ शकते. मालकी शिकवणाऱ्या कोर्सचीच मालकी मिळत नाही! मी पीडीएफ सगळ्या डाउनलोड करून ठेवल्यात, तुम्हीही ठेवा.

आता कॅमेऱ्याचं. त्या मुलाला भेटायला मी कोर्सची वही घेऊन गेले, जरा हसूच आलं स्वतःचं. कॅमेरा टेबलावर ठेवला. पट्टा काढला, तो माझा. कार्ड काढलं, ते माझं, सहज सुटं होतं म्हणून त्यावर वादच नाही. अडलं ते शटरवर. ते आता कॅमेऱ्याचा भाग झालं होतं, उचकटून काढलं तर कॅमेराच जाईल, म्हणजे वस्तूबरोबर तेही त्याचं. पण नवव्या लेक्चरमध्ये सरांनी सांगितलं होतं की इंग्लंडच्या १९७७ च्या कायद्यात, वस्तू आपलीच आहे असं प्रामाणिकपणे समजून कुणी तिची किंमत वाढवली असेल तर तेवढी वजावट त्याला मिळते. मी रिपेअरचं बिल पुढे केलं आणि म्हटलं हे बघ, कायद्यात असं असं आहे. तो म्हणाला, "ताई, कायदा राहू द्या, शटर तर मलाही बदलायचंच होतं," आणि तिथल्या तिथे पैसे ट्रान्सफर केले. मग झाकण उघडून त्यानं ती दोन अक्षरं बघितली. त्याच्या वडिलांच्या नावाची होती म्हणे.

घ्यावा का कोर्स? वकिली शिकणाऱ्यांना अपुरा पडेल, आपल्यासारख्यांना भरपूर आहे. एक, दोन, सहा, सात आणि तेरा एवढी लेक्चर्स याच क्रमानं लागोपाठ ऐका, बाकीची जमतील तशी. सेकंडहॅन्ड काही घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी ऐका, आणि विकणाऱ्याकडे मूळ बिल मागा, त्यावरचं नाव बघा, सीरियल नंबर वस्तूवरच्या नंबरशी ताडून घ्या, दुसऱ्याचं नाव असेल तर त्या दुसऱ्याला फोन लावायला सांगा.

आणि सात नंबरच्या शेवटच्या दोन मिनिटांत एक केस आहे ती चुकवू नका, रोलंड विरुद्ध डिव्हॉल, १९२३. घेतलेली गाडी चोरीची निघाली, पोलीस घेऊन गेले, घेणाऱ्यानं विकणाऱ्याकडे पूर्ण पैसे मागितले. विकणारा म्हणाला काही महिने वापरलीस त्याचे तरी काप. कोर्ट म्हणालं एक पैसाही कापायचा नाही, तो वापरायला नाही, मालक व्हायला पैसे देत होता, आणि ते त्याला मिळालंच नाही. मीही चार महिने वापरला होता. विकणाऱ्याचा फोन बंद आहे, पण पावतीवरचा पत्ता खरा निघाला, त्या मुलानंच ओळखला. नोटीस गेल्या सोमवारी पाठवली, पूर्ण रकमेची.